चौकशीला आलेला माणूस

माझ्या पहिल्या नोकरीचं दीड वर्ष आमच्या गल्लीने एका दुपारी पुसून टाकलं. त्या दुपारी मी गावात नव्हते. वाशीमला कॉलेजच्या खिडकीसमोर उभी होते, पदवीच्या प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत मिळवायला. खिडकीतल्या माणसाने 'जेवण झाल्यावर या' म्हटलं होतं, आणि तो खरंच जेवतोय की मागच्या दाराने घरी सटकलाय हे बघायला मी इमारतीला वळसा घालून आले होते. तो जेवत होता. हा माझा स्वभाव आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी शेजारच्या काकूंशी जशी वागले ते वाचून कोणाला नवल वाटायला नको.

स्वभावाला औषध नाही म्हणतात. पण माझा हा रोग जन्माचा नाही. तो मला लागला कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये. आमच्या किन्हीराजा गावाहून सकाळची बस, तालुक्याच्या मालेगावला उतरून दुसरी, मग वाशीम. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स हे नाव घरी कोणालाच धड सांगता येत नव्हतं, बाबा 'कॉम्प्युटरचं' एवढंच म्हणायचे. लॅबमध्ये एका मशीनवर आम्ही तिघी बसायचो. एकीने टाइप करायचं, एकीने जर्नलमधून वाचून दाखवायचं आणि तिसरीने दाराकडे लक्ष ठेवायचं, कारण पुढची बॅच वेळेच्या आधीच आत घुसायची. मी वाचून दाखवणारी होते. जर्नलमध्ये उजव्या पानावर प्रोग्राम आणि डाव्या पानावर त्याचं आउटपुट, असा रिवाज होता. ते आउटपुट मागच्या वर्षीच्या मुलींच्या जर्नलमधून उतरवलेलं असायचं, त्यांनी त्यांच्या मागच्या वर्षीच्या मुलींकडून उतरवलेलं असायचं.

दुसऱ्या वर्षाला तीन विषयांच्या मार्कांची सरासरी काढायचा एक प्रोग्राम होता. जर्नलमधलं उत्तर अपूर्णांकासकट होतं. आमच्या मशीनवर मात्र अपूर्णांक गायब. मी पुन्हा टाइप करायला लावलं, पुन्हा गायब. सरांना विचारलं, तर सर म्हणाले की जर्नलमध्ये बरोबर आहे ना, मग झालं. बाकीच्या दोघींनी जर्नलमधलं उत्तर लिहून टाकलं आणि त्या चहाला गेल्या. मी बसून राहिले. पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की ते यंत्र उरलेला तुकडा फेकून देतं, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे त्या प्रोग्रामने ते उत्तर कधीच दिलं नव्हतं. एवढ्या बॅच येऊन गेल्या, एवढ्या जणांनी ते सुंदर अक्षरात लिहिलं, लाल शाईने तपासून घेतलं, आणि एकानेही पडद्याकडे पाहिलं नव्हतं. मला आनंद झाला आणि भीतीही वाटली. तेव्हापासून लिहिलेल्या गोष्टीवर माझा भरवसा बसत नाही.

तिसऱ्या वर्षी वाशीममधल्या एका क्लासने नोकरीच्या हमीचा फलक लावला. सगळा वर्ग तिकडे धावला. मी आत जाऊन तिथल्या मॅडमना म्हटलं की नोकरी लागलेल्या तिघांशी मला बोलायचंय. पहिल्याचा फोन बंद होता. दुसरा त्याच क्लासच्या टेबलावर बसून प्रवेशाचे फॉर्म भरून घेत होता. तिसरीने 'हो, लागली' म्हटलं आणि कुठे असं विचारताच फोन ठेवला. मी क्लास लावला नाही. माझ्या दोन मैत्रिणींनी लावला, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या एकीला माझ्या आधी नोकरी मिळाली. संशय दर वेळी फायद्याचा पडतोच असं नाही.

पदवी मिळाली तेव्हा मला काय येत होतं? सी भाषा, थोडं जावा, डेटाबेसमधून माहिती काढणं. इंग्रजी वाचलेलं समजायचं, बोलायला गेलं की जीभ टाळूला चिकटायची. संशयाला कोणी पगार देतं हे मला पुण्याला गेल्यावर कळलं. एका फ्लॅटमध्ये दहा-बारा जणांची कंपनी होती. मुलाखत घेणाऱ्याने माझ्यासमोर एक फॉर्म उघडून ठेवला आणि यात काय चुकलंय ते शोधा म्हणून तो निघून गेला. मी नावाच्या जागी नुसत्या मोकळ्या जागा टाकल्या, फॉर्मने मुकाट्याने घेतल्या. जन्मतारीख पुढच्या वर्षीची टाकली, तीही घेतली. बटण दोनदा दाबलं तर एकाच माणसाच्या दोन नोंदी झाल्या. त्याने परत येऊन माझी यादी वाचली आणि विचारलं की तुम्ही घरीही अशाच वागता का. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून मी टेस्टर झाले.

दुसऱ्याने बनवलेलं सॉफ्टवेअर वापरून, उलटंसुलटं करून, कुठे मोडतंय ते शोधायचं, हे टेस्टरचं काम. मला ते मनापासून आवडलं. दवाखान्यात नंबर लावायचं एक अॅप होतं, ते पत्त्यात रस्त्याचं नाव टाकल्याशिवाय पुढे जायचंच नाही. मी चूक नोंदवली की आमच्या गावात रस्त्यांना नावं नाहीत. ते बनवणारा मुलगा म्हणाला, तुमच्या गावातून कोण येणार आहे पुण्याच्या दवाखान्यात. मी ती चूक तीन महिने बंद होऊ दिली नाही. शेवटी त्याने वैतागून दुरुस्त केली. राहायला आठ मुलींची एक खोली होती. आई रोज संध्याकाळी फोन करायची, काय खाल्लं ते विचारायची. कामाचं मीच सांगायचे, ती हूं हूं करायची. तिला काही कळत नसणार, असं मी धरून चालले होते.

दीड वर्षाने कंपनीचं एकमेव मोठं गिऱ्हाईक तुटलं आणि मालकाने फ्लॅट खाली केला. आम्हाला अनुभवाचं पत्र देण्याइतकी त्याने माणुसकी ठेवली, पण महिन्याभरात त्याचा फोन लागेना. मी किन्हीराजाला परत आले. गावात नेटवर्क गच्चीवर बरं मिळतं. तिथे वाळत घातलेल्या तुरीकडे पाठ करून मी मुलाखती दिल्या, आणि पाचव्या महिन्यात पुण्याच्याच एका मोठ्या कंपनीचं ऑफर लेटर आलं. मी आनंदाने उडी मारायची सोडून आधी मेल कोणत्या पत्त्यावरून आलाय ते अक्षरन्अक्षर तपासलं. कंपनीचा टेलिफोन नंबर वेगळा शोधला, फोन केला, आणि पत्रावर सही असलेली बाई तिथे खरंच काम करते का ते विचारलं. पाच दिवसांनी मी कंपनीला हो कळवलं. पत्रात शेवटी एक अट होती की दिलेल्या माहितीची पडताळणी होईल आणि ती बरोबर निघाली तरच नोकरी पक्की.

बाबांनी पत्र दोनदा वाचलं आणि कपाटात सातबाऱ्याखाली ठेवलं. आई 'चांगलं झालं' म्हणाली आणि कणीक मळायला गेली. ते 'चांगलं झालं' मला थोडं पोकळ वाटलं. पण आईवर कोण संशय घेतं?

पुढच्या आठवड्यात कंपनीचा मेल आला. तुम्ही दिलेल्या माहितीत तफावत आढळली आहे, असं लिहिलं होतं. उमेदवार जन्मापासून गावातच राहते, तिने बाहेरगावी कधीही नोकरी केलेली नाही, असं कुटुंबीय आणि शेजारी यांनी सांगितलं. आधीच्या कंपनीशी संपर्क होऊ शकला नाही. पाच दिवसांत समाधानकारक खुलासा आला नाही तर ऑफर रद्द. मी ते गच्चीवर उभ्याने वाचलं आणि खाली बसले. ज्या एका गोष्टीसाठी मी दोन बस बदलून कॉलेज केलं आणि आठ जणींच्या खोलीत राहिले, ती गोष्ट घडलीच नाही असं कोणीतरी सांगून मोकळं झालं होतं.

मी आईला विचारलं की कोणी आलं होतं का. ती म्हणाली, आला होता एक जण, पाणी पिऊन गेला. काय विचारलं त्याने? घर कोणाचं, माणसं किती, असंच काहीबाही. एवढं बोलून ती गोठ्याकडे गेली. मेलमधला 'कुटुंबीय' हा शब्द मी छापील मजकूर म्हणून सोडून दिला आणि पुढे विचारलं नाही, कारण माझं डोकं एव्हाना काकूंच्या अंगणात पोचलं होतं.

काकू आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात. त्यांच्या मुलीने माझ्यानंतर एका वर्षाने तीच पदवी घेतली आणि ती घरीच बसून होती. काकूंनी मला दोनदा पगार विचारला होता. तो माणूस आला त्या दुपारी त्या ओसरीवर मूग पाखडत होत्या, हे मला नळावर कळलं. शेजारी म्हणजे दुसरं कोण? मी सरळ जाऊन त्यांच्या दारात उभी राहिले आणि तोंडाला येईल ते बोलले. तुमच्या पोरीला मिळाली नाही म्हणून माझी घालवता का, असंही बोलले. आजूबाजूच्या बाया बाहेर आल्या. काकूंची मुलगी आतून ऐकत होती. काकूंच्या हातातलं सूप तसंच राहिलं, आणि त्या एवढंच म्हणाल्या, "तुह्या आईले इचार." चोराच्या उलट्या बोंबा, असं मनात म्हणत मी घरी आले.

कंपनीच्या एचआरमधल्या बाईंना मी तीन वेळा फोन केला. आधी त्या म्हणाल्या की पगाराच्या पावत्या आणि अनुभवाचं पत्र आजकाल कोणीही छापून आणतं. यावर मी काय बोलणार, मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हणाले असते. पण तिसऱ्या फोनला त्यांनी पडताळणीचा अहवाल पाठवला. पहिल्या पानावर आमच्या दाराचा फोटो होता. 'इतर' या रकान्यात उमेदवार घरकामात निपुण असून पुरणपोळी उत्तम करते, असं गंभीरपणे लिहिलेलं होतं. दुसऱ्या पानावर, 'गाव सोडून कुठेही वास्तव्य नाही' या ओळीखाली, माहिती देणाऱ्याचं उमेदवाराशी नातं म्हणून 'आई' लिहिलं होतं. खाली सही होती. माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर दहा वर्षं जी सही होती, तीच.

आई चुलीपाशी भाकरी थापत होती. मी मोबाइल तिच्यासमोर धरला आणि ही सही कोणाची म्हणून विचारलं. तिने पाहिलं, हाताचं पीठ झटकलं.

"मही हाय," ती म्हणाली. "मले वाटलं, अनसिंगवाल्यांचा मानूस हाय."

अनसिंगकडचं एक स्थळ मामांनी काढलं होतं. बाबांना माहीत होतं. जमत आलं की मला सांगायचं ठरलं होतं. म्हणजे मी गच्चीवर मुलाखती देत होते तेव्हा खाली माझीच दुसरी मुलाखत चालू होती.

आमच्याकडे मुलाची बाजू चौकशीला माणूस पाठवते तेव्हा तो कधीही खरं सांगत नाही. तो बियाण्याच्या कंपनीचा होऊन येतो, गोऱ्हा विकत घ्यायला येतो, नाहीतर भलत्याच घराचा पत्ता विचारत येतो. पाणी मागतो, ओसरीवर टेकतो आणि सहज विचारल्यासारखं सगळं विचारून घेतो. मागच्या साली गल्लीतल्या एका मुलीसाठी एक जण विजेचं मीटर बघायला म्हणून आला, तो मुलाचा मावसा आहे हे साऱ्या गल्लीने त्याच्या चपलांवरून ओळखलं होतं. गल्लीलाही आपलं काम ठाऊक असतं. शंभर खोटं बोलावं पण एक लग्न जमवावं. मुलीचं चांगलं तेवढंच सांगायचं, सोयरीक मोडल्याचं पाप कोणी डोक्यावर घ्यायचं नाही. आणि अशा गावात मोटरसायकलवरून, शर्ट खोचून, हातात फाइल घेऊन एक माणूस आला आणि म्हणाला की मी कंपनीकडून आलोय, मुलीची माहिती पाहिजे. आईने काकूंकडे पाहिलं, काकूंनी आईकडे. घर स्वतःचं का, किती वर्षांपासून राहता, मुलगी मधल्या काळात कुठे होती, पोलिसांत काही तक्रार आहे का, असे त्याचे प्रश्न होते. अनसिंगवाल्यांनी दुसरं काय विचारलं असतं? इतक्या वर्षांत चौकशीला आलेला हा पहिला माणूस खरं बोलत होता, आणि त्याच्यावर कोणाचा विश्वास बसला नाही.

आठवडाभर आधी आई चार घरी जाऊन सांगून आली होती की कोणी विचारलं तर पुण्याचं नाव काढू नका. काकूंनी शब्द पाळला होता. पुरणपोळी त्यांनी स्वतःच्या मनाने जोडली होती.

"पन काहून?" मी विचारलं. "मी तिथं नवकरी करत होती, काई चोरी करत नवती."

"पुन्यात एकटी राह्यली म्हनलं का लोकं दुसरंच धरून चालतात. तुले नाई समजत."

"आन तू? तुले काय वाटते?"

तिने तव्यावरची भाकरी उलटली. उत्तर दिलं नाही. नोकरी जाईल ही भीती एका बाजूला, पण ते न दिलेलं उत्तर मला जास्त लागलं. रोज संध्याकाळी काय खाल्लं विचारणारी माझी आई दीड वर्ष मनात नक्की काय धरून होती, असं मला वाटायला लागलं. मला रडू आलं आणि तिचा रागही आला.

एचआरच्या बाईंना मी सगळं सांगितलं. त्या बहुतेक हसू दाबत होत्या. मग म्हणाल्या की तोच माणूस परत येईल, त्याच लोकांनी त्याच जागी, व्हिडिओवर, आधीचं विधान का बदललं ते सांगायचं. परवा अकरा वाजता. घरच्यांनी पुन्हा तेच सांगितलं तर मात्र माझ्या हातात काही नाही, असंही त्या म्हणाल्या.

मग मी काकूंकडे गेले. माफी मागायची सवय नाही, म्हणून दारातच एका दमात बोलून टाकलं की माझं चुकलं. काकूंनी बस म्हटलं नाही. त्यांची मुलगी उठून आत गेली. "तुले वाटलं, मी जळून राह्यली," काकू म्हणाल्या. "मी तर तुह्या भल्याचं बोलली." परवा खरं सांगाल का म्हणून मी विचारलं, तर त्या म्हणाल्या की तुझी आई बोलली तर मी बोलेन, तिच्या शब्दाबाहेर मी जाणार नाही. बाबांना विचारलं तर त्यांनी 'तिले इचार' म्हणून सायकल काढली आणि वावरात गेले. म्हणजे सगळं फिरून आईपाशीच आलं. आणि आई हो म्हणत नव्हती, नाही म्हणत नव्हती. गल्लीत उभं राहून ती खरं बोलली तर संध्याकाळपर्यंत ते अनसिंगला पोचणार, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

त्या दोन दिवसांत मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. मी तिच्यावर नजर ठेवली. ती कोणाच्या घरी जाते, किती वेळ थांबते, काय बोलते, ते बघत राहिले. भिंतीआडून ऐकलं. ती विहिरीवर गेली तेव्हा तिचा मोबाइल उघडून पाहिला. मामांना एक फोन केलेला होता, चांगला बारा मिनिटांचा. बहीण-भाऊ मिळून नवी गोष्ट रचताहेत, याबद्दल माझी खात्री झाली. मामा बोलण्यात पटाईत आहेत. मी मनातल्या मनात एचआरच्या बाईंना पाठवायचं पत्रसुद्धा तयार करून ठेवलं, त्यात माझ्या आईच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नये अशी विनंती होती.

ठरल्या दिवशी तो माणूस अकराच्या आधीच आला. या वेळी तोही आमच्याकडे जरा तिरक्या नजरेने बघत होता. पाणी दिलं तर नको म्हणाला. नळावरच्या बाया नळ बंद करून उभ्या राहिल्या, काकू ओसरीवर आल्या, त्यांची मुलगीही आली. आई आतून बाहेर आली तेव्हा तिने लग्नाकार्याला नेसायची साडी नेसली होती. ही अजूनही याला मुलाकडचाच समजतेय की काय, असं मला वाटलं. मी त्या माणसाच्या मागे जाऊन उभी राहिले, म्हणजे मला मोबाइलच्या पडद्यावर ती दिसेल.

त्याने विचारलं, "मावशी, मागच्या वेळी तुम्ही सांगितलं होतं की मुलगी गाव सोडून कुठेच गेली नाही. आज काय सांगता?"

"तवा खोटं सांगतलं," आई म्हणाली. "तुमी सोयरिकीसाठी आले असं वाटलं मले."

नळावर कोणीतरी हसलं. आई हसली नाही. ती त्या मोबाइलकडे बघत राहिली.

"दीड वर्ष पुन्यात व्हती. एकटी व्हती. नवकरी केली तिनं."

कसली नोकरी, असं त्याने विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं तर त्याने हात वर करून मला थांबवलं.

"लोकाईनं कॉम्प्युटरवर बनवलेलं बरोबर हाय का नाई, ते पाहाचं काम. एकडाव तिनं साहेबाचीच चूक काढली, तं थो दोन दिस बोलला नाई तिच्यासंग. तिसऱ्या दिसी त्यानंच सगळ्याईले चहा पाजला."

ते मी तिला फोनवर कधीतरी सांगितलं होतं. मी स्वतः विसरून गेले होते. तो माणूस फाइलमधले प्रश्न एकेक विचारत गेला, ती उत्तरं देत गेली. पुण्यातला पत्ता तिने न अडखळता सांगितला, पिनकोडसकट. काकू ओसरीवरून म्हणाल्या की हो, मीही खोटंच बोलले होते, पुरणपोळीचं मात्र खरं आहे. शेवटचा प्रश्न राहिला होता, उमेदवार विश्वासू आहे का.

आईने थोडा विचार केला. "मह्यापेक्षा जास्त हाय," ती म्हणाली. "म्या तुमाले खोटं सांगतलं. ते पोरगी कोनाले खोटं सांगत नाई. पन कोनावर भरोसा बी ठेवत नाई. दोन दिस झाले, मह्यावर पाळत ठेवून राह्यली. मह्या फोनात पाह्यलं तिनं, मामाले फोन काहून केला म्हनून. सोयरीक नोको म्हनून सांगाले केला व्हता. पोरीले नवकरी लागली, आता तिले इचारल्याबिगर पुढं जाऊ नोको म्हनलं."

त्या माणसाने हेही लिहायचं का म्हणून विचारलं, आणि आई म्हणाली, "लिवा."

त्याने तिथेच मोटरसायकलच्या सीटवर फाइल ठेवून विधान लिहिलं आणि पेनासकट आईपुढे धरलं. त्या कागदावर पुढच्या आठवड्यात माझी नोकरी पक्की झाली. अजून मी तिथेच आहे, आणि दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घेते. पण त्या वेळी मला नोकरीचं काही सुचत नव्हतं. आईने पेन घेतलं, सही करायला वाकली आणि मग सही न करताच तिने तो कागद माझ्याकडे केला.

"आधी तू वाच," ती म्हणाली.

ती रागाने म्हणाली नाही. मला ओळखते म्हणून म्हणाली. साऱ्या गल्लीसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कागद तसाच परत द्यावा, असं फार वाटलं. तरी मी तो घेतला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. माझं वाचून होईपर्यंत आई पेन धरून थांबली.